कोट कुणाच्या भीतीने बांधला?

पावसाळा लागला की आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर एक प्रश्न फिरायला लागतो: ‘तुझे किल्ले किती झाले?’ झाले म्हणजे चढून झाले, फोटो काढून झाले, स्टोरी टाकून झाले. कुणाचे चाळीस, कुणाचे सत्तर. मी रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावचा, म्हणजे रायगड जिल्ह्याचा, त्यामुळे माझ्याकडून जरा जास्त अपेक्षा असते. अवचितगड, सुरगड, घोसाळगड, तळगड ही यादी मला पाढ्यासारखी पाठ आहे. मागच्या पावसात मी त्या यादीत एक नाव वाढवलं: मुंबईचा किल्ला. ग्रुपवर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. एकाने विचारलं, ‘कुठला? शिवडी की वरळी?’ मी लिहिलं, ‘ज्याच्या आत बसून आपण रोज डबा खातो तो.’ ऑफिस फोर्टमध्ये आहे, आमच्या सगळ्यांचंच. थोडा वेळ शांतता. मग एकाचं उत्तर आलं: ‘तो इंग्रजांचा होता रे. आणि आता आहे कुठे?’

या दोन छोट्या वाक्यांत दोन मोठ्या चुका आहेत. पहिली, किल्ला ज्याने बांधला फक्त त्याचाच असतो. दुसरी, भिंत पाडली की किल्ला संपतो. हा लेख त्या दोन्ही चुकांशी भांडण्यासाठी आहे. मित्राशी भांडण नाही. कारण चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणालो असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कुठलीही तटबंदी ही भीतीची नोंद असते. कुणाची भीती, किती भीती, कुठल्या दिशेने येणारी भीती, हे सगळं दगडात लिहिलेलं असतं. मुंबईच्या कोटात जी भीती लिहिली आहे, तिचा बराच भाग माझ्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून आला होता. जंजिऱ्याचा सिद्दी, खांदेरीचे मराठे, अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातले आंग्रे. म्हणजे फोर्ट ही रायगड जिल्ह्याच्या इतिहासाची अर्धी वही आहे. ती आपण ‘परक्यांची’ म्हणून फेकून दिली आणि उरलेली अर्धी छातीशी धरून फोटो काढत बसलो.

आता किल्ल्याकडे जाऊ. आपले डोळे डोंगरी किल्ल्यांवर तयार झालेत. तिथे अर्धं काम डोंगर करतो. कडा तुटलेला असला की तटाची उंची कमी चालते. वाट अरुंद असली की दरवाजा गोमुखी करून शत्रूला शेवटच्या वळणावर गाठता येतं. रायगडाचा महादरवाजा ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत इंग्रजांच्या वाट्याला कडा नव्हता. होती ती सपाट, नारळीच्या वाड्यांनी भरलेली, बंदराला लागून असलेली जमीन आणि तिच्यावर एक पोर्तुगीज घर.

ते घर गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या नावाने ओळखलं जायचं. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक गोव्यात १५६३ मध्ये छापलं गेलं. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना मिळाली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडलं. १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. त्या घराभोवती तट उठला, कोपऱ्यांवर बुरूज आले, समुद्राकडे तोफा लागल्या. हाच बॉम्बे कॅसल. १६६९ ते १६७७ गव्हर्नर असलेल्या जेराल्ड ऑंजियरने तो मजबूत केला. १६७३ मध्ये डच आरमार मुंबईवर चालून आलं तेव्हा इथली तयारी पाहून ते हल्ला न करताच परत गेलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी सिस्टीम कोसळली की नंतर सगळे बसून एक टिपण लिहितात: काय तुटलं, कशामुळे तुटलं, पुन्हा तुटू नये म्हणून काय बदलायचं. जुन्या सिस्टीममधला एखादा विचित्र नियम ‘हा इथे का आहे?’ म्हणून शोधत गेलात, तर शेवटी अशाच एखाद्या रात्रीचं टिपण सापडतं. मुंबईच्या कोटाचं तसंच आहे. त्याचा प्रत्येक थर एखाद्या घटनेनंतर चढलेला आहे.

पहिली घटना १६७९ ची. थळच्या समोर, मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांची माणसं मायनाक भंडारीच्या हाताखाली उतरली आणि तट बांधायला लागली. मुंबईतल्या इंग्रजांना हे डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला मराठी आरमार त्यांच्यावर चालून गेलं, इंग्रजांचं एक जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. महिनोन्‌महिने रेटारेटी करून इंग्रज मागे हटले आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने तट बांधला. मुंबईत येणाऱ्या जहाजाला आता या दोन डोळ्यांसमोरून जावं लागणार होतं.

दुसरी घटना १६८९ ची, आणि ही फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. कंपनीने औरंगजेबाशी भांडण उकरून काढलं. बादशहाचा आरमारी सरदार होता जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान. तो शिवडीला उतरला, माझगावचा किल्ला घेतला आणि थेट बॉम्बे कॅसलला वेढा घालून बसला. वर्षाहून जास्त काळ इंग्रज आपल्याच किल्ल्यात कोंडलेले होते. सिद्दीने तोफा लावल्या त्या डोंगरी टेकडीवर, कारण ती टेकडी कॅसलच्या डोक्यावर होती. शेवटी कंपनीने औरंगजेबापुढे हात जोडले, दीड लाख रुपये दंड भरला, आणि जून १६९० मध्ये सिद्दी निघून गेला. जाताना माझगावचा किल्ला जाळून गेला.

किल्ल्याला स्वतःपेक्षा उंच शेजारी परवडत नाही. हा धडा इंग्रज विसरले नाहीत. १७६९ मध्ये त्यांनी डोंगरीचा जुना किल्ला काढून त्या जागी फोर्ट जॉर्ज बांधला, म्हणजे ती उंची पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको. आणि हाच धडा त्यांनी आपल्यावर उलटवला. १८१८ मध्ये रायगड घेताना त्यांनी तोफा चढवल्या त्या समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर. रायगडावर उभं राहून पोटल्याकडे बोट दाखवणारे गाईड भरपूर आहेत. त्या बोटाच्या मागे डोंगरी टेकडी उभी आहे, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

तिसरा थर शहराच्या भिंतीचा. कॅसल म्हणजे वाडा होता. त्याच्याभोवती वाढलेलं गाव उघडंच होतं. चार्ल्स बून १७१५ ते १७२२ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या काळात दोन कामं जोडीने चालली: शहराभोवती भिंत आणि बंदरात लढाऊ जहाजं. जहाजं कुणासाठी होती हे त्याने लगेच दाखवलं. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला, तो फसला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन, इंग्लंडच्या राजाची जहाजं मागवून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला, तोही फसला. दोन्ही वेळा समोर होता कान्होजी आंग्रे.

बूनच्या भिंतीचा आकार साधारण अर्ध्या लंबगोलासारखा होता. सपाट बाजू पूर्वेला बंदराकडे, फुगीर बाजू पश्चिमेला जमिनीकडे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे दीड किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. जमिनीच्या बाजूने तीन मुख्य दरवाजे. उत्तरेला बाजार गेट, आजच्या सीएसएमटी आणि जीपीओच्या जवळ. पश्चिमेला सेंट थॉमस चर्चच्या समोरच्या दिशेचं चर्च गेट, आजच्या फ्लोरा फाउंटनजवळ. दक्षिणेला अपोलो गेट, गोदीच्या लायन गेटच्या आसपास. संध्याकाळी दरवाजे बंद होत. आतही रेष होतीच. चर्चच्या रस्त्याच्या दक्षिणेला मुख्यतः इंग्रज, उत्तरेला बाजार गेटच्या बाजूला पारशी, बनिया आणि इतर व्यापारी.

बुरूज आपल्यासारखे गोल नव्हते. भिंतीतून ते टोकदार कोन करून बाहेर आलेले असत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रू चिकटला तर वरून दिसत नाही, तेवढी जागा मेलेली असते. कोनाच्या बुरुजावरून शेजारच्या भिंतीच्या पायथ्यावर आडवा मारा करता येतो, आणि शेजारचा बुरूज आपल्या पायथ्यावर मारा करतो. एकमेकांची पाठ राखणारी ही भूमिती आहे. कडा नसलेल्या माणसाने कागदावर काढलेला कडा म्हणा हवं तर. ज्यांना सह्याद्रीपुढे हे फिकं वाटतं, त्यांनी एकदा विचार करावा: निसर्गाने काहीच न देता किल्ला बांधायचा तर कसा बांधाल?

चौथा थर खंदकाचा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. साष्टी आधीच मराठ्यांकडे आली होती. म्हणजे आता मराठी राज्याची हद्द माहीमच्या खाडीपलीकडे येऊन ठेपली. मुंबईत घबराट उडाली. कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे तहासाठी पाठवलं, कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांकडे. आणि तोंडाने गोड बोलत असतानाच भिंतीबाहेर खोल खंदक खणायला घेतला. शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपयांची वर्गणी दिली. या वर्गणीत आपली गोची आहे, हे कबूल करायला हवं. वर्गणी देणारे इंग्रज नव्हते, इथलेच व्यापारी होते. त्यांना भिंतीच्या आत सुरक्षित वाटत होतं आणि बाहेरून येणाऱ्या मराठ्यांची धास्ती वाटत होती.

पाचवा थर म्हणजे रिकामी जागा. माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. खंदकाच्या पलीकडे घरं, झाडं, वाड्या असतील तर शत्रू त्यांच्या आडून येणार. म्हणून जमीन साफ केली. नारळी तोडल्या, घरं हटवली, तोफेच्या नजरेत काही येऊ नये अशी मोकळी पट्टी तयार केली. तिला एस्प्लनेड म्हणत. आधी ती काहीशे यार्डांची होती. १७ फेब्रुवारी १८०३ ला कोटाच्या आतल्या बाजारवस्तीत भयंकर आग लागली, त्यानंतर ही पट्टी आणखी रुंद केली गेली आणि बरीच वस्ती पट्टीच्या पलीकडे वाढली.

ती पट्टी आज कुठे आहे? आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज. १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळीने शाळेच्या सामन्यात ६६४ धावांची भागीदारी केली, ती तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जमिनीवर. २०१८ मध्ये नाशिकहून चालत आलेला शेतकऱ्यांचा मोर्चा आझाद मैदानात थांबला, तोही त्याच पट्टीत. दक्षिण मुंबईला श्वास घ्यायला जागा ठेवली म्हणून इंग्रजांचे आभार मानणारे लोक मी पाहिलेत. जागा श्वासासाठी ठेवलेली नव्हती, नेम धरण्यासाठी ठेवलेली होती. मैदान आपल्याला मिळालं ते मराठ्यांच्या भीतीतून, आणि ज्यांच्या वाड्या त्यासाठी तोडल्या गेल्या त्यांच्या खर्चाने.

आता मित्राचा दुसरा प्रश्न: ‘आहे कुठे?’ १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात भिंती पाडल्या, खंदक बुजवले. कापसाच्या तेजीने शहर फुगलं होतं आणि भिंतीला भ्यायचं कारणही उरलं नव्हतं. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ मध्ये छापलं गेलं, म्हणजे एका मराठी लेखकाने हे शहर नेमकं त्या वळणावर पाहिलं. तेव्हाचे लोक ‘कोटात जातो’ म्हणत. आपण ‘फोर्टला जातो’ म्हणतो. शब्द राहिला, अर्थ गळला. चर्चगेट स्टेशनवर रोज लाखो लोक उतरतात आणि गेट कुठे आहे असं कुणी विचारत नाही. ते स्टेशनापाशी नव्हतंच. ते होतं पलीकडे, जिथे आज फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा स्मारक आहे. जिथे रात्री दार लागायचं, तिथेच दोनशे वर्षांनी मुंबईवर हक्क सांगणारी माणसं पोलिसांच्या गोळ्यांनी पडली. हे एका ओळीच्या पाटीत मावतं. अशी पाटी निदान मला तरी तिथे दिसलेली नाही.

भिंत मात्र पूर्ण गेलेली नाही. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात फोर्ट जॉर्जच्या तटाचा तुकडा उभा आहे. सीएसएमटीवरून चालत पाच-दहा मिनिटं. रोहा-दिवा गाडीने येऊन, दिव्याला लोकल बदलून मी वर्षानुवर्षं सीएसएमटीला उतरलो आणि त्या तटापर्यंत एकदाही गेलो नव्हतो. काला घोड्याजवळच्या के. दुबाश मार्गाचं जुनं नाव रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तटच. आणि मूळ बॉम्बे कॅसलचे अवशेष, पोर्तुगीज शिपायांच्या आकृती कोरलेला दरवाजा धरून, आजही नौदलाच्या एका तळाच्या आत आहेत.

त्या तळाचं नाव ठाऊक आहे? आयएनएस आंग्रे.

१९५१ मध्ये भारतीय नौदलाने हे नाव दिलं. ज्याच्यामुळे मुंबईच्या गव्हर्नरांची झोप उडाली त्याच्याच नावाच्या तळात आज त्या गव्हर्नरांचा किल्ला आहे. यावर लोकांनी पोवाडे रचायला हवे होते. आपल्याला खबरच नाही. आंग्र्यांच्या नावाने वाद घालायला आपण एका पायावर तयार असतो, आणि त्याच्या ताकदीचा सगळ्यात मोठा दाखला शत्रूने स्वतः बांधून ठेवलाय, तो पाहायची आपल्याला गरज वाटत नाही. बखरीत आपलं कौतुक आपणच करतो. शत्रूने खंदक खणून केलेलं कौतुक खोटं असू शकत नाही, त्याला पैसे पडलेले असतात.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. फोर्टात रविवारी सकाळी हेरिटेज वॉक निघतात. मी दोन-तीन केले, छान असतात. गॉथिक कमानी, आर्ट डेको बाल्कन्या, शेवटी इराण्याकडे बन मस्का. पण गोष्ट सुरू होते भिंत पडल्यापासून. भिंत का होती याला एक शब्द मिळतो: ‘पायरेट्स’. संपला कान्होजी. पोर्तुगीज समुद्रावर कार्ताझ विकायचे, इंग्रज स्वतःचे पास द्यायचे, आंग्रे दस्तक मागायचा. तिघंही एकच गोष्ट करत होते: हा समुद्र माझा, जायचं तर मला विचारून जा. त्यातल्या दोघांना ‘सत्ता’ म्हणायचं आणि तिसऱ्याला ‘चाचा’, हे कंपनीच्या कारकुनाने लिहिलं तर समजू शकतो. २०२० नंतरच्या मुंबईत मराठी पोराने माईकवर तेच म्हणावं, हे समजून घ्यायची माझी तयारी नाही.

मात्र ज्यांना हे वाचून मिशीवर ताव द्यावासा वाटला असेल त्यांनी थोडं थांबावं. शत्रूची भिंत नीट वाचली की आपल्याही सोयीच्या गोष्टी कोसळतात. ऑंजियरने मुंबईत जे स्थानिक दल उभं केलं त्यात भंडारी होते. त्याच काळात खांदेरीवर तट उभारणारा मायनाकही भंडारी. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच किनाऱ्यावरची माणसं होती. आणि आंग्र्यांची ताकद शेवटी मोडली कुणी? १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार जाळलं. या मोहिमांत इंग्रजांच्या बाजूला पेशव्यांचं सैन्य होतं. ज्या आरमाराच्या धाकाने मुंबईत जहाजं आणि भिंती वाढल्या, ते बुडवायला आपणच हात लावला. त्यानंतर इंग्रजांना समुद्रावर या किनाऱ्याची तशी भीती कधी वाटली नाही. १८६० च्या दशकात भिंत पाडताना फ्रियरचं मन कचरलं नाही, त्याची पहिली कुदळ विजयदुर्गाच्या खाडीत पडली होती.

हे कुठल्याही ट्रेकच्या कॅप्शनमध्ये बसत नाही. म्हणूनच कोट कुणाच्या यादीत येत नाही असा माझा संशय आहे. ‘आपला’ किल्ला आपल्याला अभिमान देतो, बदल्यात काही मागत नाही. शत्रूचा किल्ला अभिमानही देतो, पण सोबत हिशेब मागतो.

आमच्या आजोबांच्या जुन्या कागदांवर ‘जिल्हा कुलाबा’ लिहिलेलं आहे. १९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं. लहानपणी मला वाटायचं आजोबा मुंबईचे, कारण कुलाबा म्हणजे मुंबईचं कुलाबा. ते हसून म्हणायचे, ‘अरे, तो वेगळा, आपला वेगळा.’ आता मी म्हणतो, तितका वेगळा नाही. एका कुलाब्यात आंग्रे बसला होता म्हणून दुसऱ्या कुलाब्याच्या शेजारी भिंत उठली. नाव बदललं ते योग्यच झालं, रायगडाचा मान मोठा आहे. पण नाव बदलताना जिल्ह्याची मान समुद्रावरून डोंगराकडे वळली, ती पुन्हा वळलीच नाही. आमच्या कुंडलिकेच्या मुखावर एका काठाला रेवदंडा, दुसऱ्या काठाला कोर्लई, असे दोन पोर्तुगीज किल्ले आहेत. शाळेच्या सहली तिथे गेल्याचं मला आठवत नाही. रायगडावर मात्र मी शाळेतून तीनदा गेलो.

२०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या मधोमध ओव्हल मैदान आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत गेले. त्यात खांदेरी आहे. एकीकडे खांदेरी, दुसरीकडे खांदेरीवाल्यांच्या धाकात मोकळी झालेली जमीन, मध्ये फक्त बंदराचं पाणी. जगाच्या यादीत दोघं आले, दोन वेगवेगळ्या फायलींतून. पहिल्या यादीचा आनंद दक्षिण मुंबईने केला, दुसरीचा गडप्रेमींनी. हे एकाच भांडणाचे दोन पक्ष आहेत, असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

मग करायचं काय? मी काही नवीन किल्ला बांधा म्हणत नाही. चार गोष्टी मागतो, चारही स्वस्त आहेत.

एक, भिंतीची रेष रस्त्यावर दाखवा. बर्लिनमध्ये पाडलेल्या भिंतीच्या जागी रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ बसवली आहे, माणूस चालता चालता तिच्यावरून जातो. फोर्टातले फूटपाथ दर काही वर्षांनी उखडले जातातच. पुढच्या वेळी बसवताना काळ्या दगडाची एक ओळ घाला.

दोन, बाजार गेट, चर्च गेट आणि अपोलो गेट यांच्या जागी मराठीत पाट्या लावा. ‘येथे दरवाजा होता’ एवढंच नको. कुणाच्या भीतीने होता आणि रात्री बाहेर कोण राहायचं, तेही लिहा.

तीन, आयएनएस आंग्रेमधला कॅसल वर्षातून काही ठरलेल्या दिवशी, ओळखपत्र तपासून, फोन बाहेर ठेवून, लोकांना दाखवा. नौदलाच्या सुरक्षेचं महत्त्व मला कळतं, माझं पोटच सुरक्षेवर चालतं. पण नियम घालून दार उघडता येतं.

चार, आणि ही मागणी सरकारकडे नाही, आमच्या जिल्ह्यातल्या शाळांकडे आणि ट्रेकिंग ग्रुपांकडे आहे. एका दिवसाची सहल काढा. ओहोटीची वेळ पाहून अलिबागला चालत कुलाबा किल्ल्यात जा. तिथून मांडवा, मांडव्याहून बोटीने गेटवे. वाटेत दक्षिणेकडे, समुद्र स्वच्छ असेल तर, खांदेरी शोधा. गेटवेहून चालत लायन गेट, हॉर्निमन सर्कल, सेंट थॉमस चर्च, फ्लोरा फाउंटन, बाजार गेट, आणि शेवटी सेंट जॉर्जच्या आवारातला तट. पोरांना एकच प्रश्न विचारा: हा तट कुणाकडे तोंड करून उभा आहे?

ग्रुपवर मी ही सहल टाकली आहे. त्या मित्राने अजून होकार दिलेला नाही. त्याचं म्हणणं, यात चढण कुठे आहे? चढण आहे. आपण जिंकलो तिथले दगड पाहायला पायात ताकद लागते. ज्यांनी शेवटी आपल्याला हरवलं त्यांचे दगड पाहायला वेगळी लागते, आणि ती आम्हा सगळ्यांकडे थोडी कमीच आहे. पावसात समुद्र खवळलेला असतो, बोटी बंद असतात. म्हणून तारीख दिवाळीनंतरची ठेवली आहे. सध्या चार नावं आली आहेत.